यशूचा घास

जालन्याहून परत आले त्याला बरेच दिवस झाले, तरी दुपारी जेवून जरा आडवं झालं की डोळ्यांसमोर ज्वारीची शेतं हलायला लागतात. आमच्या गुहागरकडे डोळे मिटले की समुद्र ऐकू येतो. तिकडे तसं काही नाही. तिकडे नुसतं आभाळ, आणि त्याच्याखाली अफाट, उघडी, काळी जमीन. आवाजसुद्धा लांबून चालत आल्यासारखे सावकाश येतात. मी गेले होते कामाला, पण आठवायला बसलं की ते दिवस अर्धवट झोपेत पाहिल्यासारखे वाटतात. तिकडे कधी न गेलेल्यांसाठी, आणि माझ्यासाठीही, लिहून ठेवते आहे.

माझं काम वाचा-उपचाराचं. उशिरा बोलणारी, अडखळणारी, मुळीच न बोलणारी मुलं माझ्याकडे येतात. ज्यांना नीट गिळता येत नाही अशीही येतात, कारण बोलणं आणि गिळणं दोन्ही एकाच गळ्याच्या भरवशावर चालतं. वैजयंती ही माझी वसतिगृहातली मैत्रीण, लहान मुलांची डॉक्टर. जालन्यात ती अशा मुलांसाठी दवाखाना चालवते, आणि मधून मधून तो दवाखाना गाडीत घालून गावोगावी नेते. थंडीच्या सुरुवातीला तिचा फोन आला.

"निलू, चार दिवस काढ. गिळायला त्रास होणारी बरीच मुलं आहेत माझ्याकडे. आणि एक मुलगी आहे, तिचं मला एकटीनं ठरवायचं नाहीये."

जुना जालना

वैजयंतीचा दवाखाना एका जुन्या कापड दुकानाच्या जागेत आहे. आजूबाजूला धान्याची ठोक दुकानं. गल्ली इतकी चिंचोळी की समोरून रिक्षा आली तर दुचाकीवाल्यानं दुकानात शिरून उभं राहायचं. हवेत तुरीची आणि तागाच्या पोत्यांची भुकटी. आत पाऊल टाकलं आणि मला वाटलं, मी लग्नाचा बस्ता बांधायलाच आले आहे. कापडवाल्याची पांढरीशुभ्र गादी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तशीच, लोड आणि तक्केही तसेच. फक्त त्या गादीवर साड्यांऐवजी मुलं पसरली होती. एक जण लोडावर पालथा पडून मान उचलायचा सराव करत होता. एक मुलगी तक्क्याला टेकून आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर बसली होती, आणि तिची आई तिच्याकडे बघायचं सोडून आमच्या तोंडाकडे बघत होती, आम्ही बघतोय ना याची खात्री करायला.

दुपारी एक बाई एकटीच आली. अंगावर शाल, पायांवर धूळ. नाव करुणा, फोनवर वैजयंती म्हणाली होती त्या मुलीची आई. शहागडहून जीप बदलत आली होती.

"यशू कुठाय?" वैजयंतीनं विचारलं.

"न्हाई आणली, म्याडम. आबा आणू देत न्हाईत." आबा म्हणजे तिचे सासरे. "त्ये म्हणतेत, मागच्या बारीला मोठ्या दवाखान्यात नेली तर पोटाला भोक पाडा म्हणले. आता पोरीला घराबाहेर न्यायचीच न्हाई."

मग तिनं मोबाइल काढला आणि एक चित्रफीत लावून माझ्या हातात दिला. एक म्हातारा माणूस भिंतीला टेकून बसलेला, त्याच्या मांडीवर एक बारीक मुलगी. सहा वर्षांची, पण तीन वर्षांची म्हटली तरी खपेल अशी. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला होता; हातपाय ताठ, मान सैल. म्हातारा तिला बोटानं काहीतरी भरवत होता. चित्र हलत होतं, नीट दिसत नव्हतं, म्हणून मी डोळे मिटून नुसतं ऐकलं. घास, मग एक ओलसर श्वास, मग खोकला. पुन्हा घास. खोकला बारीक होता, कुणीतरी दुसऱ्या खोलीत खोकावं तसा.

"हिला सारखा निमोनिया होतो," वैजयंती म्हणाली. "अन्न श्वासनळीत जातंय असं मला वाटतं. तसं असेल तर पोटाला छोटं भोक पाडून नळीनंच भरवावं लागेल. पण आबांना ते कोण सांगणार?"

"त्यांना आणू द्यायचं नसेल तर नको," मी म्हणाले. "आपणच जाऊ."

करुणा पहिल्यांदाच जरा सैल बसली. "या. पर त्यान्ला एकदम न्हाई म्हणू नका. त्या पोरीला आजपर्यंत त्यान्लाच भरवता आलंय. माझ्या हातचं ती घेत न्हाई."

आष्टी

शहागडला जाण्याआधी आष्टीचा मुक्काम ठरलेला होता. वैजयंती तिथे बाजाराच्या दिवशीच जाते, कारण त्या दिवशी खेड्यापाड्यांतून जीपा भरून येतात आणि मेथी-मिरचीच्या पाट्यांबरोबर मुलंही येऊ शकतात. गाडी रफिकभाई चालवत होते. पन्नाशीचे, शांत, गाडीत चढणाऱ्या प्रत्येक मुलाला आधी हॉर्न वाजवायला देतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कपाशीवर उरलेला कापूस पांढरा लोंबत होता. धुकं आणि कापूस यांत फरक कळेना. मला डुलकी लागली, आणि जाग आली तेव्हाही तेच शेत चालू आहे असं वाटलं.

शाळेची एक खोली आम्हाला दिली होती. दुपारच्या जेवणाला तिथल्या एका आईनं धपाटे आणि दही आणलं होतं, सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा. आम्ही कोकणातली माणसं तिखट खातो, पण त्याला नारळाचं पांघरूण घालून. हा ठेचा उघडाच होता. पहिल्याच घासाला तो भलत्या वाटेनं गेला. श्वास अडकला, डोळ्यांतून पाणी, कानात घुमायला लागलं. बायका धावल्या, कुणी पाठ थोपटली, कुणी गूळ दिला. दम परत आला, पण आवाज गेला. बोलायला शिकवणारी बाई घोगरी होऊन बसली, यावर सगळ्या जणी तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले. पण मनात शहागडची ती चित्रफीत होती. मला एकदा झालं, तिला रोज होतंय.

त्या मुक्या दुपारीच ओम भेटला. पाच वर्षांचा, बोलत नाही, कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही. सकाळी मी त्याला चेंडू दाखवले होते, टाळ्या वाजवल्या होत्या, गाणं म्हटलं होतं. तो भिंतीला हात लावत खोलीला फेऱ्या घालत राहिला आणि मी दिसले की लांबून वळसा घेत होता. आता मी नुसतीच दाराच्या उन्हात बसले. बाहेर कुणीतरी ज्वारी पाखडत होतं, कोंड्याचे कण उन्हात सोनेरी होऊन सावकाश खाली येत होते. केव्हातरी ओमची फेरी माझ्याजवळ येऊन थांबली. तो बसला. त्यानं माझा हात उचलला, कोंडा पडत होता तिथे उन्हात धरला, आणि माझ्या तळहातावर एक कण उतरला तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

त्याची आई उंबऱ्यात उभी होती. हळूच म्हणाली, "दाखवून राह्यलाय तुमाला. आजपर्यंत कुनालाच कायबी दाखवलं न्हाई त्यानं."

मी तिला घोगऱ्या आवाजात सांगितलं, की बोलणं असंच सुरू होतं. कुणालातरी काहीतरी दाखवावंसं वाटलं की. आता घरी त्याच्याशी कमी बोला आणि त्याच्या शेजारी जास्त बसा. तिला ते पटलं की नाही कोण जाणे, पण ती जाईपर्यंत ओमच्या शेजारीच बसून होती, एक अक्षर न बोलता.

शहागड

शहागडच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे अडकलो. एकामागे एक, डुलत जाणाऱ्या, कडेनं पाचट सांडत. रफिकभाईंनी गाडी बंद केली. "जल्दी करून फायदा न्हाई, म्याडम. ऊस पुढं, आपन मागं." तासभर आम्ही उसाच्या वासात बसून होतो.

आबांचं घर गावाबाहेर, गोदावरीच्या अंगाला. एकीकडून हायवेवरच्या ट्रकांची घरघर, दुसरीकडून नदीची शांतता, आणि मधे मोसंबीची थोडी झाडं. आम्ही पोचलो तेव्हा करुणा दारातच होती. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यासमोर ताजी फुलं. आबा यशूला मांडीवर घेऊन बसले होते.

"जय भीम," ते म्हणाले. "बसा. पानी घ्या. हिचं जेवन चालू हाय, मंग बोलू."

आमच्याकडे पाहुणा आला की ताटावरचा माणूस उठतो. आबा उठले नाहीत, आणि मला ते फार आवडलं. मी पाणी प्यायले आणि भिंतीशी बसून पाहत राहिले.

दुधात कुस्करलेली भाकरी, फडक्यातून गाळून मऊ केलेली. आबा बोटाच्या टोकावर घेत आणि यशूच्या गालाच्या आतल्या बाजूला ठेवत. "ह्यो घास गोदामायचा. ह्यो घास ट्रकवाल्याचा, लई लांबनं आलाय बिचारा. ह्यो मोसंबीच्या झाडाचा." प्रत्येक घासानंतर थांबायचं, तिच्या गळ्याकडे बघायचं. ऊन उंबऱ्यावरून आत आलं, चटईवर चढलं, भिंतीला लागलं. वाटी अर्धीसुद्धा झाली नव्हती. यशूचे डोळे मोठे आणि काळेभोर होते, आणि ते आबांच्या तोंडावरून हलत नव्हते. त्या खोलीत मला गुंगी आल्यासारखं झालं. इतकं सावकाश, इतक्या मायेनं कुणी कुणाला जेवू घालताना मी पाहिलं नव्हतं. आणि प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या घासाला तो ओलसर श्वास ऐकू येत होता.

मी आबांना विचारून जवळ बसले आणि स्टेथोस्कोप यशूच्या गळ्याला लावला. घासाआधी श्वास मोकळा. घासानंतर माठात फुंकर मारल्यासारखा. मग आम्ही तिला उशांच्या आधारानं ताठ बसवलं, हनुवटी जरा खाली, घास थोडा दाट. पहिला घास छान उतरला. दुसराही. करुणा हातातलं काम टाकून बघायला लागली, आणि आबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मलाही वाटलं, जमेल. तिसऱ्या घासाला यशूच्या डोळ्यांत पाणी आलं. ओठ निळसर झाले. ती खोकली नाही. कानातल्या नळीत मात्र पाण्याचा आवाज भरून आला.

आबा म्हणाले, "बघा, खोकली बी न्हाई. बसवून दिलं तर जमून राह्यलंय की."

मला क्षणभर खोटं बोलावंसं वाटलं.

"आबा," मी म्हणाले, "न खोकणं जास्त वाईट. घास चुकीच्या नळीत गेला, आणि तो बाहेर ढकलायची ताकदसुद्धा तिच्यात उरलेली नाही. तिचा निमोनिया तिथूनच येतो."

फडक्यानं यशूचं तोंड पुसलं, दोनदा, तीनदा, पुसायला काही नसताना.

"मंग मी काय," ते म्हणाले, "माझ्या हातानं पोरीला बुडवून राह्यलो का?"

वैजयंतीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "तुमच्या हातामुळेच ती आज आहे. दुसऱ्या कुणाच्या हातात ती इतके दिवस राहिली नसती. पण आता तिचा गळा थकलाय, आबा. त्याला तुमचा हात पुरा पडणार नाही."

त्यांनी यशूला करुणाच्या मांडीवर ठेवलं, चप्पल घातली आणि मोसंबीच्या झाडांतून नदीकडे निघून गेले. संध्याकाळी यशूचे वडील मिलिंद शाळेतून आले. ते शिक्षक आहेत. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मला पटतं. पण आबांनी हो म्हटल्याशिवाय मी नेणार न्हाई. ती त्यांची बी हाय." आबा अंधार पडायच्या आत परतले, पण रात्री यशूला भरवायला बसले नाहीत. करुणानं तिला चमच्यानं थोडंसं दूध दिलं. तिनं तोंड फिरवलं. आम्ही सगळ्यांनी ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली, पण आपापलं जेवण लपवल्यासारखं खाल्लं.

नदीवर

सकाळी जाग आली तेव्हा घर धुक्यात तरंगत होतं. झाडांचे बुंधे नव्हते, नुसत्या वर लटकलेल्या मोसंब्या होत्या. मी शाल घेऊन नदीकडे गेले. गोदावरी दिसत नव्हती. जिथे धुकं जास्त पांढरं होतं तिथे ती असावी. पुलावरून ट्रक जात होते, पण पूल नव्हता, फक्त दिव्यांच्या जोड्या आभाळातून चालल्या होत्या. आमच्या समुद्रापुढे माणूस लहान होतो. या नदीपुढे माणूस पुसट होतो.

घाटाच्या पायरीवर आबा बसले होते. मला बघून जरा सरकले. मी बसले.

"मला एक सांगा," ते म्हणाले. "पोटातनं घातल्यावर चव कुठं लागती मानसाला?"

"नाही लागत," मी म्हणाले. "पण जिभेला चव द्यायला बंदी नाही. आधी तोंड स्वच्छ करायचं, तिला नीट बसवायचं, आणि जिभेवर थेंबभर बोट लावायचं. मोसंबीचं लावा, गुळाचं लावा. पोट भरायचं काम नळीचं. चवीचं तुमचं."

धुक्यातून एक होडी आली, कुणाशी न बोलता गेली.

"तिची आजी ही व्हायच्या आधीच गेली," ते म्हणाले. "पोरगी अशी झाली तवा मी म्हणलं, मला शेतात आता तसं काम न्हाई. हिला जेवू घालायचं, हेच माझं काम. त्ये बी काढून घेतलं तर मी करू काय?"

मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. ऊन वर आलं, नदी हळूहळू दिसायला लागली.

घरी आलो तेव्हा वैजयंतीनं पिशवीतून एक नळी आणि तिला जोडलेली, दट्ट्या नसलेली मोठी पिचकारी काढून ठेवली होती, शहागडच्या दवाखान्यात आयांना दाखवायला आणलेली. आबा तिच्यासमोर बसले. त्यांनी नळी हातात घेतली, लांबून पाहिली, जवळून पाहिली. मग पेल्यात पाणी घेऊन पिचकारीत ओतलं आणि नळी उंच धरली. पाणी सावकाश खालच्या वाटीत उतरलं. नळी खाली केली, पाणी थांबलं. पुन्हा उंच केली.

"हे हातानंच धरायचं का?" त्यांनी विचारलं. "का मशीन बसवतेत?"

"हातानंच," वैजयंती म्हणाली. "घाई करायची नाही. किती उंच धरायचं ते धरणाऱ्यानं तिच्या तोंडाकडे बघून ठरवायचं."

"भोक लई मोठं न्हाई ना पाडत?"

"नाही. पोटाला, एवढंसंच."

आबांनी पिचकारी रिकामी केली, फडक्यानं पुसली आणि मिलिंदकडे न बघता म्हणाले, "सुट्टी टाक. जाऊ आपन. मी बी येतो."

करुणा चुलीकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही, पण तिची पाठ सैल झालेली मला दिसली.

घरी परतल्यावर

ऑपरेशन झालं, आणि त्यानंतरचे दिवस सोपे गेले नाहीत. यशूला ताप आला, नळीभोवती लाल झालं. वैजयंतीच्या फोनची वाट बघत मी इकडे अंगणात फेऱ्या घालत होते. आबा त्या दवाखान्याच्या व्हरांड्यातून हलले नाहीत म्हणे. मग ताप उतरला आणि ती घरी आली. ती चालत नाही, बोलत नाही. तसं काही होणारही नव्हतं. पण छातीतली घरघर गेली आहे, आणि करुणा सांगते की कडेवर घेतली की आता तिचं वजन हाताला जाणवतं.

परवा दुपारी करुणाचा फोन आला. मी नुकतीच जेवून आडवी झाले होते. आधी तिनं विचारलं, पाऊसपाणी कसं, समुद्र कसा. मग म्हणाली, "ताई, आमच्या घरी पयल्यापासून एक नियम होता. यशूला हसवायचं न्हाई. हसली की ठसका लागायचा, आनि तिचं जेवन तर दिवसभर चालायचं. म्हनून कुनी मोठ्यानं बोलायचं न्हाई, गंमत करायची न्हाई. आमाला बी सवय पडून गेल्ती."

"मग?"

"आता जेवन जल्दी होतं. मंग दिवस लई मोठा उरतो. आबा तिला घेऊन रोज हायवेच्या कडंला बसतेत. ट्रकवाल्याला हात करतेत, ट्रकवाले हॉर्न वाजवतेत. आनि ही हसती, ताई. लई मोठ्यानं हसती. आमाला ठाऊकच नव्हतं, हिचा आवाज एवढा मोठा हाय."

तिनं फोन बाहेर नेला. आधी वारा ऐकू आला, मग लांबून येणारी गाडी. मी उठून बसले आणि फोन कानाला घट्ट धरला.